विंडोजची रजिस्ट्री बिघडली, संगणक सुरू होत नाही: फॉरमॅट मारण्याआधी काय काय करता येतं

प्रश्न थोडक्यात असा: वीज गेली तेव्हा घरचा विंडोज १० चा संगणक चालू होता. आता सुरू केला की निळा पडदा येतो आणि त्यावर सी००००२१८ हा आकडा असतो. मग ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ चालतं आणि पुन्हा तोच पडदा येतो. दुकानदार म्हणतो, ‘रजिस्ट्री उडाली, फॉरमॅट मारावा लागेल.’ आत फोटो आहेत, हिशोब आहेत. घरच्या घरी काही करता येईल का?

येईल, बऱ्याचदा येतं. त्यासाठी आधी डोक्यातून एक कल्पना काढून टाका: रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या पोटात कुठेतरी पसरलेली गूढ गोष्ट नव्हे. डिस्कवरच्या मोजक्या फायली मिळून रजिस्ट्री बनते. त्यांना हाइव्ह म्हणतात. पाच मुख्य हाइव्ह विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम३२ च्या कॉन्फिग या फोल्डरात असतात: सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम (खाती आणि पासवर्ड), सिक्युरिटी आणि डिफॉल्ट. नावापुढे काहीही एक्स्टेन्शन नसतं. शिवाय प्रत्येक वापरकर्त्याची स्वतःची एनटीयूजर डॉट डॅट ही फाइल त्याच्या फोल्डरात लपवलेली असते. ‘रजिस्ट्री उडाली’ याचा अर्थ यातली एखादी फाइल वाचता येत नाही, एवढाच. तुमचे फोटो त्या फायलीत नसतात. त्यामुळे पहिल्याच फटक्यात फॉरमॅट मारणं म्हणजे किल्ली हरवली म्हणून घर पाडण्यासारखं आहे.

आकड्यावरून थोडा अंदाज बांधता येतो. सी००००२१८ म्हणजे एखादी हाइव्ह विंडोजला उघडता आली नाही. सी००००१४सी आला आणि खाली फाइलचं नाव दिसलं, तर सुरुवात करून देणाऱ्या बूट मॅनेजरलाच ती फाइल बिघडलेली दिसली. नाव बहुतेक वेळा सिस्टमचं असतं. ५१ हा आकडा रजिस्ट्रीकडे बोट दाखवतो, पण त्यामागे डिस्क वाचताना आलेली अडचणही असू शकते. ऑटोमॅटिक रिपेअर स्वतःची नोंदवही ठेवतं. ती सिस्टम३२ मधल्या लॉगफाइल्स, त्यातल्या एसआरटी या फोल्डरात एसआरटीट्रेल नावाने असते. ती नोटपॅडमध्ये उघडून शेवटचा ‘रूट कॉज’चा भाग वाचा. नेमकं काय सापडलं हे तिथे सरळ इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि ते सहसा कुणी वाचत नाही.

आधी डेटा बाहेर काढा

दुरुस्तीला हात घालण्याआधी ही पायरी, आणि यात सूट नाही. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवून किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज १० चा इन्स्टॉलर बनवा. पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जातं. बिघडलेला संगणक त्यावरून सुरू करा. भाषा निवडण्याचा पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० दाबा. काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडेल. ‘इन्स्टॉल नाउ’ला हात लावायचा नाही. संगणक तीनदा बळजबरीने बंद करून दुरुस्तीच्या पडद्यावर जाण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. पण अर्धवट लिहिलेल्या फायलींमुळेच हा प्रकार झालेला असताना पुन्हा तीनदा वीज तोडणं शहाणपणाचं नाही.

पुढच्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि अंक वापरायचे.

या काळ्या खिडकीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. एक्स: हा पेनड्राइव्हवरून मेमरीत चढलेला तात्पुरता विंडोज असतो आणि तुमचा सी: कधी कधी डी: म्हणून दिसतो. ‘डिस्कपार्ट’ लिहा, मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’. आकारावरून ओळखा, ‘एक्झिट’ करा आणि ‘डीआयआर सी:\यूजर्स’ लिहून तुमचं नाव दिसतं का पाहा. पुढे मी सी: धरून लिहितो.

इथे दोन गोष्टी घाबरवतात. पहिली, डिस्क यादीत दिसतच नाही. इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते आणि साध्या पेनड्राइव्हला तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तो स्टोरेज ड्रायव्हर घेऊन पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि ‘ड्रवलोड’ या आज्ञेने, म्हणजे डी-आर-व्ही-एल-ओ-ए-डी, त्याची आयएनएफ फाइल चढवा. बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरची, स्टोरेजची सेटिंग बदलून बघू नका, नाहीतर रजिस्ट्री नीट झाल्यावरही ७बी चा नवा निळा पडदा बघावा लागेल. दुसरी, डिस्क दिसते पण कुलूपबंद. ते बिटलॉकर. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक सुरू केला होता, त्या खात्यात उपकरणांच्या माहितीखाली सापडते. घरातल्या कुणीतरी, बहुधा मुलानेच, दुसऱ्याच ईमेलने खातं उघडलेलं असतं, तेही तपासा. की मिळाली की ‘मॅनेज-बीडीई -अनलॉक सी: -रिकव्हरीपासवर्ड’ आणि पुढे ते अंक. की नसेल तर त्या डेटाला कुठलाही तंत्रज्ञ हात लावू शकत नाही. पैसे घेऊन ‘करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

डिस्क उघडली की बाहेरची यूएसबी हार्डडिस्क जोडा. ती समजा ई: आली. रोबोकॉपी ही फोल्डर कॉपी करण्याची विंडोजमधलीच आज्ञा आहे. मग ‘रोबोकॉपी सी:\यूजर्स ई:\बॅकअप /ई /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१’. यातला /एक्सजे महत्त्वाचा. विंडोजच्या वापरकर्ता फोल्डरात स्वतःकडेच वळणाऱ्या खोट्या वाटा असतात आणि तो नसेल तर नक्कल ‘अॅप्लिकेशन डेटा’च्या आत आत गोल फिरत राहते. /आर:१ नसेल तर न वाचता येणाऱ्या एकाच फाइलपाशी रोबोकॉपी दहा लाख वेळा पुन्हा प्रयत्न करत बसतो. आज्ञा नकोशा वाटत असतील तर ‘नोटपॅड’ लिहा, फाइल, ओपन, आणि खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. त्या छोट्या खिडकीत उजवी कळ दाबून फोल्डर कॉपी-पेस्ट करता येतात.

यूजर्सच्या बाहेरही डेटा असतो. टॅलीचा डेटा पुष्कळदा थेट सी: वरच्या फोल्डरात पडलेला असतो. जुन्या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमधली कामं, पत्रिका, पावत्या कुठे साठवल्या होत्या तेही आठवा. वनड्राइव्हमधल्या ज्या फायली फक्त ऑनलाइन होत्या त्यांची नुसती नावं दिसतात. त्या वेबवरून उतरवाव्या लागतील.

कॉपी होताना वेग वारंवार शून्यावर येत असेल, डिस्क टकटक करत असेल, ‘सायक्लिक रिडन्डन्सी’ची चूक येत असेल, तर दुरुस्ती तिथेच थांबवा. मूळ आजार डिस्कचा आहे आणि रजिस्ट्री हे फक्त लक्षण. अशा डिस्कवर चेकडिस्क /आर (डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञा) चालवणं म्हणजे आजारी माणसाला पळायला लावणं. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची प्रत नव्या डिस्कवर काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा.

मग कारण आणि नेमकी फाइल

डिस्क बरी असेल तर आधी फाइलव्यवस्था चेकडिस्कने तपासा: सी-एच-के-डी-एस-के, जागा, सी:, जागा, /एफ. हाइव्ह स्वतः शाबूत असते पण एनटीएफएसमधली, म्हणजे विंडोजच्या फाइलव्यवस्थेतली, तिची नोंद वाकडी झालेली असते, असंही घडतं. तेवढ्यानेच संगणक सुरू झाला तर उत्तम.

नाही झाला, तर ‘सीडी /डी सी:\विंडोज\सिस्टम३२\कॉन्फिग’ आणि मग ‘डीआयआर /ए’. आकारांकडे नीट पाहा. वापरातल्या विंडोज १० वर सॉफ्टवेअर ही फाइल साधारण काही दहा ते शंभरच्या घरातल्या एमबींची असते, सिस्टम दहा-वीस एमबींची. सॅम आणि सिक्युरिटी काही दहा केबींच्या. एखादी शून्य किंवा ८ केबींची दिसली तर चोर सापडला. आकार बरोबर पण आत काही नाही, असंही होतं: वीज गेली तेव्हा एसएसडीने जागा राखली, मजकूर लिहिलाच नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडा, फक्त बघायला. जतन करायची नाही. चांगल्या हाइव्हची सुरुवात आर-ई-जी-एफ या चार अक्षरांनी होते. तिथे नुसतं कोरं दिसलं तर ती फाइल गेली.

याच फोल्डरात प्रत्येक हाइव्हच्या नावाच्या लॉग१ आणि लॉग२ अशा लपवलेल्या फायली असतात. त्या कचरा समजून उडवू नका. विंडोज ८.१ पासून रजिस्ट्रीतले बदल आधी या लॉगमध्ये लिहिले जातात आणि मुख्य फाइलमध्ये सावकाश, कधी कधी तासाभराने जातात. हाइव्हच्या डोक्यावर दोन क्रमांक असतात. ते जुळले नाहीत तर लॉगमधून राहिलेलं काम पूर्ण करून घेतलं जातं. म्हणजे वीज जाण्याआधीच्या शेवटच्या तासाचा हिशोब या लॉगमध्ये असू शकतो. म्हणून पुढे काहीही करण्याआधी पूर्ण कॉन्फिग फोल्डर, लॉगसकट, ई: वर कॉपी करून ठेवा. रोबोकॉपी लपवलेल्या फायलीही घेतो, साधी ‘कॉपी’ घेत नाही.

आता चाचणी. ‘रेग लोड एचकेएलएम\तपास सी:\विंडोज\सिस्टम३२\कॉन्फिग\सिस्टम’. ‘तपास’च्या जागी इंग्रजी अक्षरांत कुठलंही नाव चालेल, ‘सिस्टम’ मात्र द्यायचं नाही, कारण त्या नावाखाली एक्स: वरच्या तात्पुरत्या विंडोजची स्वतःची हाइव्ह आधीच उघडलेली असते. हाइव्ह उघडली गेली, तर ती पूर्ण मेलेली नाही. उघडताना लॉगमधलं राहिलेलं लिहून निघतं आणि छोटी मोडतोड भरूनही निघू शकते. तशीच ‘एमडी सी:\नवे’ करून ‘रेग सेव्ह एचकेएलएम\तपास सी:\नवे\सिस्टम’ द्या. यातून त्याच मजकुराची, पुन्हा नीट रचलेली फाइल मिळते. नंतर ‘रेग अनलोड एचकेएलएम\तपास’ विसरू नका, नाहीतर फाइल अडकून राहते. बाकी चारही हाइव्हना हीच परीक्षा द्या. जी उघडत नाही ती दोषी. उघडलेल्या पण संशयास्पद हाइव्हच्या जागी नवी रचलेली फाइल ठेवा, तिचे जुने लॉग बाजूच्या फोल्डरात हलवा आणि संगणक सुरू करून पाहा.

उघडतच नाही तर

सगळ्यात चांगला उपाय आधी: सिस्टम रिस्टोअर. पेनड्राइव्हवरून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’, ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘सिस्टम रिस्टोअर’. रिस्टोअर पॉइंटमध्ये, म्हणजे विंडोजने आधी ठेवलेल्या प्रतीत, सगळ्या हाइव्ह एकाच क्षणाच्या असतात, आणि तेच महत्त्वाचं आहे. तुमच्या कागदपत्रांना धक्का लागत नाही. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम मात्र पुन्हा टाकावे लागतात. मध्येच अडकल्यासारखं वाटलं तरी तासभर हात लावू नका. अडचण एवढीच की अनेक घरगुती संगणकांवर ही सोय बंदच असते, आणि ते कळतं ते गरज पडते त्या दिवशी.

रिस्टोअर पॉइंट नसेल तर कॉन्फिगमधला रेगबॅक फोल्डर. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत हाच रामबाण म्हणून सांगितलेला असतो. विंडोज ७ च्या काळात तो होताही, कारण तिथे हाइव्हची प्रत आपोआप ठेवली जाई. पण विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने डिस्कची जागा वाचवण्यासाठी ही नक्कल मुद्दाम थांबवली. आता रेगबॅकमध्ये फायली दिसतात, पण प्रत्येकीचा आकार शून्य. व्हिडिओ बघून त्या शून्याच्या फायली चांगल्या हाइव्हवर चढवणारे पुष्कळ आहेत. एक हाइव्ह बिघडलेली असते, मग पाचही जातात. त्यामुळे ‘डीआयआर रेगबॅक’ करून आकार बघितल्याशिवाय कॉपी नाही.

तिथे खऱ्या आकाराच्या फायली सापडल्या, तर पाचही एकदम बदला. आधीच्या पाच हाइव्ह आणि त्यांचे लॉग ‘जुने’ अशा फोल्डरात हलवा आणि रेगबॅकमधल्या पाच कॉपी करा. फक्त बिघडलेली एक बदलायचा मोह होतो. ती सॅम किंवा डिफॉल्ट असेल तर एखाद वेळी खपून जातं. पण सिस्टममध्ये ड्रायव्हर आणि सेवांची यादी असते, सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्याशी जोडलेले घटक. एक मार्चची आणि दुसरी ऑगस्टची असली की अर्धे ड्रायव्हर सापडत नाहीत आणि अपडेट अडतात. सॅम जुनी आली की स्थानिक खात्याचा पासवर्डही त्या तारखेचा होतो, हे लक्षात असू द्या. पिन चालला नाही तर पासवर्डने आत जा.

मित्राच्या सारख्याच मॉडेलच्या संगणकावरून हाइव्ह आणून टाकता येईल का, असं हमखास विचारलं जातं. नाही. सॅम आणि सिक्युरिटीतली गुपितं ज्या किल्लीने बंद असतात तिचे तुकडे सिस्टम हाइव्हमध्ये असतात आणि ती किल्ली प्रत्येक विंडोजची वेगळी असते. दुसऱ्याची सिस्टम आणली की तुमची सॅम उघडत नाही. पाचही आणल्या की तुमची खातीच तिथे नसतात.

अपडेट होता होता वीज गेली असेल तर आणखी एक वाट आहे: ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधलं ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. तेही अडलं तर ‘डिझम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअॅक्शन्स /स्क्रॅचडिर:सी:\नवे’. डिझम म्हणजे डी-आय-एस-एम, विंडोजच्या घटकांची दुरुस्ती करणारं साधन; इथे ते अर्धवट राहिलेलं अपडेट मागे घेतं. शेवटचा स्क्रॅचडिर दिला नाही तर एक्स: वरची चिमुकली जागा संपून आज्ञा अर्ध्यात मरते. पण डिझमलाही हाइव्ह उघडता आल्या पाहिजेत. सॉफ्टवेअर हाइव्हच कोरी असेल तर याचा उपयोग नाही.

आता ज्यात लोकांचे तास जातात त्याबद्दल दोन शब्द. एसएफसी /स्कॅननाउ विंडोजच्या संरक्षित फायली तपासतं, हाइव्ह दुरुस्त करत नाही. बूटरेक /फिक्सएमबीआरचा रजिस्ट्रीशी काही संबंध नाही, आणि /फिक्सबूट नव्या यूईएफआय संगणकावर बहुधा ‘अॅक्सेस डिनाइड’ म्हणून परत फिरवतं. अपवाद एकच: बूटची यादी, बीसीडी, हीसुद्धा हाइव्हच्याच साच्यातली फाइल असते. पडद्यावर बीसीडीचं नाव असेल तर ‘बीसीडीबूट सी:\विंडोज’ एवढ्यावर दोन मिनिटांत काम होतं. आणि ‘रजिस्ट्री क्लीनर’ नावाची सॉफ्टवेअरं सुरू न होणाऱ्या संगणकावर चालूच शकत नाहीत. सुरू असलेल्यावर चालवली तर आजची वेळ येण्याची शक्यता वाढते.

फक्त एकाच खात्याला त्रास असेल

संगणक सुरू होतो, पण साइन-इन केल्यावर डेस्कटॉप कोरा आणि ‘तात्पुरत्या प्रोफाइल’ची सूचना दिसते. इथे पाचही हाइव्ह ठीक आहेत. त्या वापरकर्त्याची एनटीयूजर डॉट डॅट बिघडली आहे किंवा रजिस्ट्रीतल्या प्रोफाइललिस्ट या खात्यांच्या यादीत त्याच्या लांबलचक ओळखक्रमांकाची नोंद दोनदा पडली आहे, त्यातली एक शेवटी ‘डॉट बीएके’ लावलेली. दुसऱ्या प्रशासक खात्यातून रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री बघण्या-बदलण्याचं विंडोजचं साधन, उघडा: एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, प्रोफाइललिस्ट. बीएके नसलेल्या नोंदीला वेगळं नाव द्या, बीएकेवालीचं शेपूट काढा, संगणक पुन्हा सुरू करा. तरीही नाहीच झालं तर नवं खातं उघडून कागदपत्रं, चित्रं, डेस्कटॉप तिकडे न्या. जुनी एनटीयूजर मात्र नव्या खात्यात नेऊ नका. बिघाडही सोबत येतो. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये असताना काही जतन केलंत तर साइन-आउट होताच ते पुसलं जातं.

सुरू झाल्यावर

लगेच जल्लोष नको. आधी ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’, आणि मग एसएफसी. आता त्याची पाळी आली. जुन्या हाइव्हवर उभा केलेला विंडोज बाहेरून ठणठणीत दिसतो, पण प्रत्यक्ष फायली आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी यांत अंतर राहतं. म्हणून त्याच आवृत्तीचा इन्स्टॉलर चालू विंडोजच्या आतून चालवून ‘फायली आणि अॅप्स ठेवा’ असं निवडणं हा माझ्या मते योग्य शेवट. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून हा पर्याय मिळत नाही, सेटअप डेस्कटॉपवरूनच चालवावा लागतो. संगणक सुरूच झाला नाही, तर उरतं ‘रीसेट धिस पीसी’मधलं ‘कीप माय फाइल्स’. त्यात अॅप्स जातात, म्हणजे टॅली, टंकनाची सॉफ्टवेअरं, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर पुन्हा टाकावे लागतील. परवान्यांचे क्रमांक शोधून ठेवा. तेही नको असेल आणि विंडोज नव्यानेच टाकायचा असेल, तर विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. संगणकाला झेपत असेल तर ११ टाका.

एक रात्र मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. वीज गेली नसताना रजिस्ट्री बिघडली असेल किंवा महिन्याभरात दुसऱ्यांदा बिघडली असेल, तर रॅमवर संशय घ्यायलाच हवा. खराब रॅममधून चुकीचा मजकूर हाइव्हमध्ये लिहिला जातो आणि दोष डिस्कला लागतो. एकही चूक निघाली तर एकेक पट्टी काढून पुन्हा चाचणी घ्या.

मग रेगबॅक पुन्हा चालू करून घ्या. रेजएडिटमध्ये एचकेएलएम, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर, कॉन्फिगरेशन मॅनेजर इथे ‘एनेबलपीरिऑडिकबॅकअप’ नावाचं ३२ बिटचं डीवर्ड मूल्य तयार करा, त्यात १ भरा आणि संगणक पुन्हा सुरू करा. टास्क शेड्युलरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, रजिस्ट्री याखाली ‘रेगआयडलबॅकअप’ हे काम आहे. ते एकदा हाताने चालवा आणि रेगबॅकमधले आकार शून्यावरून वर आले का ते बघा. सिस्टम प्रोटेक्शन सी: साठी चालू करून पाच टक्के जागा द्या. जिथे वीज दिवसातून दोनदा झटका देते तिथे डेस्कटॉपला ६०० व्हीएचा साधा यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची असते. वीज गेल्यावर यूपीएस कुईं कुईं करत असताना ‘एवढं संपवतो’ म्हणत बसायचं नाही; ती चार-पाच मिनिटं शट डाउनसाठी असतात.